शोध विद्यापीठाचा, हक्क कोणाचा?

विशेष प्रतिनिधी

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एखादा शोध लागला की संशोधकाच्या मनात पहिला विचार येतो तो शोधनिबंधाचा. निबंध लवकर छापून आला तर श्रेय पदरात पडते, बढतीच्या वेळी त्याचा उपयोग होतो आणि हाताखालच्या विद्यार्थ्याची पीएच.डी.ही मार्गी लागते. मात्र ज्या दिवशी हा निबंध प्रसिद्ध होतो, त्याच दिवशी त्या शोधाला पेटंट मिळण्याचा मार्ग बहुतेक देशांत बंद होतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात फार उशिरा येते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. विद्यापीठांतील संशोधन मुख्यत्वे करदात्यांच्या पैशांतून चालते. मग त्यातून निघालेल्या शोधावर वीस वर्षे कोणाचा तरी एकाधिकार असावा का? असावाच, तर तो कोणाचा आणि कोणत्या अटींवर? या प्रश्नांची उत्तरे शोधताना गेल्या शंभर वर्षांतील काही प्रकरणे उपयोगी पडतात. त्यांतील काहींचे धागे थेट मुंबईपर्यंत येऊन पोहोचतात.

एका आठवड्याने साधलेली वेळ

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे स्टॅन्ले कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांची नोव्हेंबर १९७२ मध्ये होनोलुलू येथील एका परिषदेत गाठ पडली. डीएनएची साखळी ठरावीक जागी कापणाऱ्या विकरांवर बॉयर काम करीत होते, तर जीवाणूंमध्ये आढळणाऱ्या प्लाझ्मिड या डीएनएच्या छोट्या वर्तुळांचा कोहेन यांचा अभ्यास होता. दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या तर एका सजीवाचे जनुक कापून ते प्लाझ्मिडमध्ये जोडता येईल आणि ते प्लाझ्मिड जीवाणूत सोडले की जीवाणूंच्या वाढीबरोबर त्या जनुकाच्या हव्या तितक्या प्रती मिळतील, ही त्यांची कल्पना. ती यशस्वी झाली. आज ज्याला आपण जनुकीय अभियांत्रिकी म्हणतो, तिचा पाया येथे घातला गेला.

या प्रयोगांचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. पेटंटचा विचार तोवर कोणीही केलेला नव्हता. मे १९७४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या संशोधनाची बातमी आली आणि ती स्टॅनफर्डच्या तंत्रज्ञान परवाना कार्यालयाचे प्रमुख नील्स रायमर्स यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी कोहेन यांच्याकडे पेटंटचा विषय काढला. कोहेन प्रथम फारसे राजी नव्हते. हा शोध अनेक शास्त्रज्ञांच्या वर्षानुवर्षांच्या कामावर उभा आहे, तेव्हा त्यावर दोघांनीच हक्क का सांगावा, असा त्यांचा सवाल होता. अखेर ते तयार झाले.

अमेरिकेच्या कायद्यानुसार निबंध प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत पेटंटसाठी अर्ज करता येतो. स्टॅनफर्डचा अर्ज ४ नोव्हेंबर १९७४ रोजी दाखल झाला. ही मुदत संपण्यास जेमतेम एक आठवडा उरला होता. अमेरिकेतील हक्क असे थोडक्यात वाचले. मात्र युरोप आणि जपानमध्ये वर्षभराची अशी सवलत नसल्याने तेथील हक्क तोवर कायमचे गेले होते.

ब्रिटनमध्ये तर हेही साधले नाही. केंब्रिज येथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत सीझर मिलस्टाइन आणि जॉर्जेस कोहलर यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हव्या तितक्या प्रमाणात तयार करण्याची पद्धत शोधली. १९७५ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, पेटंट घेतले गेले नाही. हे तंत्र हाताळणाऱ्या सरकारी महामंडळाला त्याचा तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नाही. पुढे याच शोधाला १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि कर्करोगापासून संधिवातापर्यंतच्या कितीतरी औषधांचा तो आधार ठरला. आपल्या देशातील शोधाचे उत्पन्न दुसऱ्यांनी नेले, ही खंत ब्रिटनमध्ये पुढे दीर्घकाळ व्यक्त होत राहिली. आपल्या शोधाचा जगभर मुक्तपणे वापर झाला म्हणून तर या शाखेची वाढ वेगाने झाली, असे मानणाराही मोठा वर्ग आहे.

पेटंट म्हणजे नेमके काय?

पेटंट हा सरकार आणि शोधकर्ता यांच्यातील एक सौदा आहे. शोधकर्त्याने आपला शोध, त्या विषयातील जाणकाराला तो स्वतः करून पाहता येईल इतक्या तपशिलाने, लेखी उघड करायचा. त्या बदल्यात सरकार त्याला ठरावीक काळ, साधारणतः अर्ज केल्यापासून वीस वर्षे, इतरांना त्या शोधाचा व्यापारी वापर करण्यापासून रोखण्याचा अधिकार देते. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. यातील 'रोखण्याचा' हा शब्द महत्त्वाचा आहे. पेटंट मिळाले म्हणजे वस्तू बनविण्याचा परवाना मिळाला असे नव्हे. औषधासाठी औषध नियंत्रकाची मंजुरी वेगळी घ्यावीच लागते. शिवाय हा अधिकार त्या त्या देशापुरता असतो. अमेरिकेच्या पेटंटला भारतात काडीचीही किंमत नसते. 'जागतिक पेटंट' अशी कोणतीही गोष्ट अस्तित्वात नाही.

पेटंट मिळण्यासाठी तीन कसोट्या लावल्या जातात. शोध नवा हवा, म्हणजे जगात कोठेही तो आधी प्रसिद्ध झालेला नसावा. तो त्या विषयातील जाणकाराला सहज सुचेल असा किरकोळ बदल नसावा. आणि त्याचा उद्योगात उपयोग होण्याजोगा असावा. निसर्गात असलेल्या गोष्टीचा वा नियमाचा केवळ शोध लागला तर पेटंट मिळत नाही. त्या ज्ञानाच्या आधारे केलेली नवी वस्तू वा नवी प्रक्रिया पेटंटयोग्य ठरू शकते. गुरुत्वाकर्षणाचे पेटंट घेता येणार नाही, गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करणाऱ्या नव्या यंत्राचे घेता येईल.

नावीन्याची कसोटी किती कडक असते, याचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. हळदीच्या पेटंटची लढाई अनेकांना आठवत असेल. ते पेटंट एखाद्या बड्या औषध कंपनीने घेतले असावे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ते एका विद्यापीठाचे होते. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकी पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. मुंबईच्या यूडीसीटीचे विद्यार्थी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक असलेल्या माशेलकरांच्या पुढाकाराने परिषदेने या पेटंटला आव्हान दिले. भावनिक आवाहनाचा तेथे उपयोग नव्हता, लेखी पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू आणि हिंदीतील जुन्या ग्रंथांपासून भारतीय वैद्यकीय संघटनेच्या पत्रिकेत १९५३ मध्ये आलेल्या निबंधापर्यंत ३२ संदर्भ सादर झाले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. आजीच्या बटव्यातले ज्ञान खरे असले तरी पेटंट कार्यालयाच्या दृष्टीने ते कोठे तरी लिहिलेले असावे लागते, हा त्यातून घेतलेला धडा. पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचा प्रकल्प त्यानंतर उभा राहिला.

मालक कोण?

टोरांटो विद्यापीठात १९२१-२२ मध्ये फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. जे. आर. मॅकलिऑड आणि जेम्स कॉलिप यांनी मधुमेहावर इन्शुलिनचा उपाय शोधून काढला. तोवर हा आजार झालेले मूल फार दिवस जगत नसे. डॉक्टरने औषधावर हक्क सांगावा हे बँटिंग यांना वैद्यकीय धर्माशी विसंगत वाटत होते. मात्र पेटंट घेतले नाही तर दुसराच कोणी ते घेऊन बाजार ताब्यात घेईल किंवा निकृष्ट औषध विकेल, ही भीतीही होती. म्हणून पेटंट घेण्यात आले आणि १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी ते प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. विद्यापीठाने उत्पादकांना परवाने दिले ते दर्जाची अट घालून. पेटंट पैशांसाठी न घेता राखणदारीसाठी घेता येते, हे या प्रकरणाने दाखविले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विद्यापीठांना सरकारकडून मोठ्या प्रमाणावर पैसा मिळू लागला. त्या पैशांतून लागलेल्या शोधांची मालकी सामान्यतः सरकारकडे जाई. परिणामी १९८० च्या सुमारास अमेरिकी सरकारकडे सुमारे २८ हजार पेटंटे साठली होती आणि त्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी पेटंटांचे परवाने उद्योगांनी घेतले होते. शोध सर्वांसाठी खुला असला की कोणतीही कंपनी त्यावर कारखाना उभारण्याचा धोका पत्करत नाही, असा युक्तिवाद पुढे आला. बर्च बे आणि रॉबर्ट डोल या दोन भिन्न पक्षांच्या सिनेटरांनी मांडलेला 'बे-डोल कायदा' डिसेंबर १९८० मध्ये संमत झाला. सरकारी पैशांतून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला स्वतःकडे ठेवण्याची मुभा त्याने दिली. उत्पन्नातील वाटा शोधकर्त्याला द्यावा, उरलेला पैसा संशोधन व शिक्षणावर खर्च करावा, अशा अटी त्यात होत्या. विद्यापीठाने वा कंपनीने शोध लोकांपर्यंत पोहोचवला नाही, तर सरकारने हस्तक्षेप करून दुसऱ्याला परवाना द्यावा, अशीही तरतूद होती. या हस्तक्षेपाच्या अधिकाराचा वापर पहिल्या चाळीस वर्षांत एकदाही झाला नाही.

कायदा झाला तरी मालकीचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. रक्तातील एचआयव्ही विषाणूंचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरून स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश कंपनी यांच्यात खटला उभा राहिला. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाशी करार करताना शोधाचे हक्क 'देण्याचे मान्य करतो' असे लिहून दिले होते. पुढे एक तंत्र शिकण्यासाठी तो सीटस या कंपनीत गेला आणि तेथे त्याने हक्क 'याद्वारे देत आहे' अशा मजकुरावर सही केली. सीटसचे ते तंत्र नंतर रोशने विकत घेतले. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शोधाचा पहिला मालक हा शोध लावणारी व्यक्तीच असते. केवळ सरकारी पैसा वापरला म्हणून तो हक्क आपोआप विद्यापीठाकडे जात नाही. दोन कागदांवरील क्रियापदांच्या फरकामुळे स्टॅनफर्डला माघार घ्यावी लागली. दुसऱ्या प्रयोगशाळेत काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आपल्याकडील संशोधकांनीही सहीपूर्वी असा कागद नीट वाचावा, हे सांगायला नकोच.

परवान्याच्या अटींचे महत्त्व

कोहेन-बॉयर यांच्या शोधाचे पेटंट २ डिसेंबर १९८० रोजी मंजूर झाले. स्टॅनफर्डने ते कोणा एका कंपनीला दिले नाही. जी कंपनी मागेल तिला परवाना मिळेल, सुरुवातीला दहा हजार डॉलर आणि नंतर दरवर्षी दहा हजार डॉलर, तसेच विक्रीवर अल्प टक्केवारी, असे धोरण ठरले. विद्यापीठांतील संशोधकांना मात्र हे तंत्र विनामूल्य वापरता येणार होते. रक्कम इतकी माफक होती की न्यायालयात जाण्यापेक्षा ती भरणे कंपन्यांना परवडत असे. डिसेंबर १९८१ च्या मध्यापर्यंत ७३ कंपन्यांनी सह्या केल्या. १९९७ मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत ही संख्या ४६८ वर गेली आणि दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. याच तंत्राने जीवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्शुलिन १९८२ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले.

स्टॅनफर्डच्याच आणखी एका पेटंटची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. संकेतस्थळांचा क्रम लावण्याच्या लॅरी पेज यांच्या पद्धतीचे पेटंट २००१ मध्ये मंजूर झाले. ते पेज यांच्या नव्हे, तर विद्यापीठाच्या मालकीचे होते. गुगलने परवान्याच्या बदल्यात आपले सुमारे १८ लाख समभाग विद्यापीठाला दिले आणि ते विकून स्टॅनफर्डने २००५ मध्ये सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळविले. अशी उदाहरणे डोळे दिपवणारी असली तरी ती अपवादात्मक आहेत. बहुतेक विद्यापीठांना परवान्यांतून मिळणारी रक्कम त्यांच्या संशोधनखर्चाच्या मानाने किरकोळच असते.

परवाना एकाच कंपनीला दिला आणि त्यात पुरेशी दूरदृष्टी नसली तर काय होते, हे येल विद्यापीठाने अनुभवले. स्टॅव्ह्युडिन हे रसायन १९६० च्या दशकातच तयार झाले होते. एचआयव्हीवर ते उपयोगी पडते हे येलचे विल्यम प्रूसॉफ आणि ताइ-शुन लिन यांनी १९८० च्या दशकात दाखविले. विद्यापीठाने पेटंट घेतले आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला एकाधिकार परवाना दिला. १९९४ मध्ये औषध बाजारात आले आणि येलला मोठे उत्पन्न मिळू लागले. मात्र एड्सचा सर्वाधिक विळखा पडलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सामान्य रुग्णाला ते घेणे शक्यच नव्हते. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचा पाश्चात्त्य देशांतील खर्च तेव्हा रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता.

येथे मुंबईचा संबंध आला. भारतीय कायदा त्या काळी औषधाच्या रेणूवर पेटंट देत नसे, फक्त तो बनविण्याच्या प्रक्रियेवर देत असे. त्यामुळे भारतीय कंपन्या वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध कायदेशीररीत्या बनवू शकत होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी 'मेदसँ सां फ्रंतियेर' या स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला तीन औषधांचा उपचार रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या तिहेरी उपचारात स्टॅव्ह्युडिन होते. अडचण अशी, की दक्षिण आफ्रिकेत त्याचे पेटंट येलकडे होते. संस्थेने येलला पत्र लिहून परवानगी मागितली. आपण एकाधिकार परवाना दिला असल्याने निर्णय कंपनीनेच घ्यायचा, असे उत्तर विद्यापीठाने दिले. येलमधील विद्यार्थी संतापले, सह्यांची मोहीम सुरू झाली आणि खुद्द प्रूसॉफ यांनीही रुग्णांची बाजू घेतली. मार्च २००१ मध्ये, म्हणजे अवघ्या महिनाभरात, दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा हक्क बजावणार नाही, असे कंपनीने जाहीर केले आणि किंमतही मोठ्या प्रमाणात उतरवली.

स्टॅव्ह्युडिनच्या दुष्परिणामांमुळे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा सल्ला दिला. ते औषध मागे पडले असले तरी प्रकरणाचा बोध कायम आहे. पेटंट घेतले यात येलचे चुकले नव्हते. गरीब देशांसाठी वेगळी अट परवान्यात घालून ठेवायला हवी होती, ती घातली गेली नाही. ही अट पेटंट हाती असताना, सही करण्यापूर्वीच घालता येते. नंतर विद्यापीठाकडे विनंती करण्यापलीकडे काही उरत नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

भारतात १९७० चा पेटंट कायदा लागू आहे. १ जानेवारी २००५ पासून औषधांच्या रेणूंनाही पेटंट मिळू लागले. विद्यापीठांतील संशोधकांनी ध्यानात ठेवावी अशी पहिली बाब म्हणजे अमेरिकेसारखी वर्षभराची सर्वसाधारण सवलत आपल्याकडे नाही. सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच बारा महिन्यांची मुभा आहे. एरवी निबंध छापला, परिषदेत भित्तिपत्रक लावले किंवा प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर चढला, की नावीन्य संपले. आपलाच प्रबंध आपल्याच अर्जाच्या आड येतो.

यावर उपाय अवघड नाही. निबंध पाठविण्यापूर्वी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करून तारीख निश्चित करता येते. पूर्ण तपशील सादर करण्यासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात. दरम्यान निबंध निर्धास्तपणे प्रसिद्ध करता येतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत देणारी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली आहे. म्हणजे 'पेटंट किंवा निबंध' हा पर्याय खरा नाही. प्रश्न केवळ क्रमाचा आहे.

दुसरी बाब 'प्रसिद्ध' आणि 'मंजूर' या शब्दांतील फरकाची. अर्ज केल्यानंतर साधारण अठरा महिन्यांनी पेटंट कार्यालय तो आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध करते. यात गुणवत्तेची कोणतीही तपासणी झालेली नसते. तपासणीसाठी वेगळी मागणी करावी लागते, आक्षेपांना उत्तरे द्यावी लागतात आणि मगच पेटंट मंजूर वा नामंजूर होते. केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत प्रसिद्ध झालेल्या अर्जांनाही स्थान असल्याने संख्या वाढविण्याचा मोह संस्थांना होतो. महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारावर 'आमच्या प्राध्यापकांना पेटंट' असे फलक लागतात, तेव्हा ते मंजूर झाले आहे की केवळ प्रसिद्ध, हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावे. मंजूर झाले असल्यास ते कोणी वापरत आहे का, हा पुढचा प्रश्न. शोध देशात प्रत्यक्ष वापरात आला की नाही, याचे निवेदन पेटंटधारकाने ठरावीक काळाने द्यावे, असे भारतीय कायद्याचे बंधन आहे.

मालकीच्या प्रश्नावर आपल्याकडेही बे-डोलच्या धर्तीवर कायदा करण्याचा प्रयत्न झाला होता. सरकारी पैशांतून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेसंबंधीचे विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले. विद्यापीठांना उत्पन्नाचे साधन मिळेल, असे समर्थकांचे म्हणणे होते. लोकांच्या पैशांतून झालेल्या संशोधनाची किंमत लोकांना पुन्हा मोजावी लागेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. विधेयक संसदीय समितीकडे गेले आणि अखेर २०१४ मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे मालकीचा निर्णय संस्थांच्या आपापल्या नियमांवर आणि करारांवर अवलंबून राहिला.

पवईतील एक उदाहरण

हे सारे सामान्य माणसाशी कसे जोडलेले आहे, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करून, कर्करोगाच्या पेशी ओळखण्यास त्यांना सज्ज करायचे आणि पुन्हा शरीरात सोडायचे, असा कार-टी उपचार अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झाला. विद्यापीठाने २०१२ मध्ये नोव्हार्टिस कंपनीशी करार केला. २०१७ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा एका रुग्णाच्या उपचाराची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठरली. भारतीय कुटुंबाच्या दृष्टीने हा आकडा अर्थहीन होता.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून या उपचाराचे भारतीय रूप विकसित केले. आयआयटीतील संशोधनातून उभ्या राहिलेल्या इम्युनोॲक्ट कंपनीमार्फत ते 'नेक्सकार-१९' या नावाने पुढे आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. अमेरिकेतील उपचाराच्या साधारण एक दशांश खर्चात हा उपचार उपलब्ध झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. एक दशांश म्हटले तरी रक्कम लाखांच्या घरात जाते आणि ती उभी करताना मध्यमवर्गीय कुटुंबाचेही कंबरडे मोडते, हे विसरून चालणार नाही.

टोरांटोच्या तीन डॉलरपासून स्टॅनफर्डच्या कोट्यवधी डॉलरपर्यंत आणि येलच्या विद्यार्थ्यांपासून पवईच्या प्रयोगशाळेपर्यंत एक गोष्ट समान दिसते. शोध लागणे हा अर्धाच प्रवास असतो. निबंधाआधी अर्ज झाला का, कराराचा कागद कोणी वाचला, परवाना एकाला दिला की अनेकांना आणि गरीब रुग्णासाठी त्यात एखादे कलम होते का, यावर उरलेला प्रवास ठरतो. हे निर्णय विद्यापीठांच्या कार्यालयांत, सहसा कोणाचे लक्ष नसताना घेतले जातात. ज्यांच्या करातून ते संशोधन झाले, त्यांनी निदान त्या अटी काय आहेत, हे विचारले पाहिजे.